ग्रामसभेचे संचालन : नव्या सरपंचांसाठी चार गोष्टी
(नवनिर्वाचित सरपंच व सदस्यांच्या प्रशिक्षण वर्गात दिलेले व्याख्यान)



आपणांपैकी अनेकजण प्रथमच निवडून आलेले आहेत. अंदाजपत्रक, करवसुली, विकास आराखडा यांविषयी या वर्गात आपणांस माहिती मिळेलच. मी आज भरलेली ग्रामसभा कशी चालवावी, एवढ्याच विषयावर बोलणार आहे.

गावच्या मतदार यादीत ज्यांची नावे आहेत, त्या सर्वांची मिळून ग्रामसभा होते. १९९३ मध्ये अमलात आलेल्या ७३ व्या घटनादुरुस्तीने तिला संविधानात स्थान दिले. आपल्या राज्याच्या ग्रामपंचायत अधिनियमानुसार वर्षातून किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात. गणपूर्तीसाठी एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० मतदार, यांपैकी जी संख्या कमी असेल, तितकी उपस्थिती आवश्यक असते. नियमित ग्रामसभेपूर्वी महिलांची स्वतंत्र सभा घ्यावयाची असते. अध्यक्षस्थानी सरपंच असतात. या खुर्चीचे काम फार बोलण्याचे नाही. इतरांना बोलू देण्याचे आहे.

सभेची निम्मी तयारी सभेपूर्वीच होत असते. सूचना केवळ फलकावर लावून भागत नाही. वाड्या-वस्त्यांवर दवंडी पोहोचली पाहिजे आणि सभेची वेळ शेतीच्या कामांशी जुळली पाहिजे. विषयपत्रिका मोजकी असावी. महिला सभेत जे ठरले असेल, ते ग्रामसभेत आरंभीच वाचून दाखवावे.

सभा सुरू होताच नियम सांगून टाकावेत : एका वेळी एकाने बोलावे, ठरलेल्या वेळेत बोलावे, विषय सोडू नये, कोणाच्या घरादाराचा वा जातीचा उल्लेख करू नये. नियम आधी सांगितलेला असला म्हणजे पुढे कोणाला थांबविले तरी ते त्याला पक्षपाताचे वाटत नाही. मात्र हा नियम आपल्या भावकीला आणि आपल्या गटालाही तितकाच लागू केला पाहिजे. आपल्या माणसाला एकदा जरी सूट दिली, तरी त्या सभेपुरता अध्यक्षाचा अधिकार संपला असे समजावे.

नवख्या अध्यक्षाची खरी कसोटी वादाच्या प्रसंगी लागते. येथे एक भेद ध्यानात ठेवावा. "पाणीपुरवठ्याच्या कामाचा हिशेब दाखवा" हा प्रश्न कितीही चढ्या आवाजात विचारला गेला, तरी तो रास्त आहे. त्याला उत्तर द्यावे, अथवा कोणत्या दिवशी कागद दाखविले जातील ते सांगावे. व्यक्तीवर चिखलफेक सुरू झाली, तर मात्र तेथेच शांतपणे अडवावे. अडचणीचा प्रश्न आणि अपशब्द यांना एकाच मापाने मोजले, तर टीका करणारे लोक सभेला येणेच बंद करतात. मग गणपूर्तीअभावी सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला गणपूर्तीचे बंधन नसल्यामुळे मूठभर लोक गावाचे निर्णय घेऊ लागतात.

गोंगाटाइतकीच शांतताही फसवी असते. पुढे बसलेले चौघे बोलतात आणि मागे बसलेल्या भगिनी गप्प राहतात, म्हणजे त्यांची संमती आहे असे नव्हे. "वरच्या वस्तीवर नळाला पाणी किती वेळ येते?" असा नेमका प्रश्न त्यांच्याकडे वळून विचारावा. "कोणाला काही म्हणायचे आहे का?" या मोघम प्रश्नाला बहुधा उत्तर येत नाही. अध्यक्षाने स्वतःचे मत सर्वांत शेवटी मांडावे.

गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गावाचे उदाहरण येथे उद्बोधक आहे. तेथील ग्रामसभेने बहुमताऐवजी सर्वसहमतीची रीत स्वीकारली आणि कठीण विषयांसाठी अभ्यासगट चालविले. एकमत झाले नाही, तर विषय पुढे ढकलून पुन्हा चर्चा होते. या मार्गाला वेळ लागतो. पण सर्वांनी घेतलेला निर्णय मोडण्यास कोणी पुढे येत नाही. वनहक्क कायद्यान्वये २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळविणाऱ्या देशातील पहिल्या गावांत मेंढ्याची गणना होते.

अखेरची गोष्ट इतिवृत्ताची. ठराव कोणता झाला, विरोध कोणी व का नोंदविला, काम कोणाकडे सोपविले, हे सभा उठण्यापूर्वी सचिवांकडून मोठ्याने वाचून घ्यावे. जी तक्रार कागदावर आली नाही, तिचा पाठपुरावा पुढे कोणालाही करता येत नाही. वस्तीवरच्या एखाद्या भगिनीने धीर एकवटून पाण्याची अडचण मांडली आणि ती वहीत उतरलीच नाही, तर पुढच्या सभेला ती कशासाठी येईल? तिचे म्हणणे लिहिले गेले आणि तिच्यासमोर वाचले गेले, तर ती पुन्हा येईल, आणि शेजारणीलाही घेऊन येईल.