मागच्या चाकाचं तोंड

कविता लिहिणाऱ्या माणसाला आकाशवाणीवर बोलावलं की त्यानं पावसावर नाहीतर गझलेवर बोलावं, अशी अपेक्षा असते. मी आज मोटारसायकलच्या मागच्या चाकाबद्दल बोलणार आहे. या चाकानं एकदा मला आणि माझ्या मुलीला ट्रकखाली नेता नेता सोडलं आहे.

आमच्या घरी अब्बांची बुलेट आहे. १९७८ सालची, साडेतीनशे सीसीची. २०१६ च्या जुलैत मिरजेहून सांगलीला निघालो होतो. मागे मुलगी बसली होती, तिचं कॉलेजचं काम होतं. रस्ता ओला. ट्रक ओलांडत असताना मागचं चाक एका लहानशा खड्ड्यात आदळलं आणि गाडीचा मागचा भाग आपल्या मर्जीनं ट्रककडे सरकला. हँडल माझ्या हातात सरळ होतं, तरी गाडी सरळ नव्हती. दोन-तीन सेकंदांत सावरली. मुलगी काही बोलली नाही. सांगलीला उतरल्यावर म्हणाली, "अब्बू, येताना मी बसनं येते."

त्यानंतर तीन महिने मी ही गाडी दुरुस्त करून घेत होतो. एकानं पुढचा टायर बदलला. दुसऱ्यानं हँडलचा कोनसेट नवा टाकला. तिसऱ्यानं पुढच्या शॉकअपचं ऑइल बदललं. प्रत्येक वेळी गाडी आठ दिवस बरी वाटायची. पैसे दिले की बरंच वाटतं. गझलेचा शेर वृत्तात बसत नसला की नवखा कवी शेवटचा शब्द बदलत बसतो. चूक बहुधा आधीच कुठंतरी झालेली असते. मीही तेच करत होतो. थरथर हँडलला जाणवते म्हणून पुढचं चाक खोलत होतो.

शेवटी एका वयस्कर मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी पाना हातात घेतलाच नाही. गाडी मेन स्टँडवर लावली आणि उकिडवे बसून मागच्या टायरवरून तळहात फिरवला. एका बाजूचे कंगोरे जास्त झिजले होते. मग साखळीच्या चाकाचे, म्हणजे स्प्रॉकेटचे दात मला दाखवले. दातांची एकच बाजू घासून चकचकीत झाली होती. गेल्या तीन महिन्यांत या दोन्ही गोष्टी माझ्या डोळ्यांसमोर होत्या आणि मला दिसल्या नव्हत्या.

आता थोडं गाडीच्या रचनेबद्दल. फार जुन्या मोटारसायकलींना मागे शॉकअप नसायचे. मागचं चाक थेट चासीत घट्ट बसवलेलं असे. बुलेटला १९४९ च्या मॉडेलपासून मागे हलता चिमटा आला. इंग्रजीत त्याला स्विंग आर्म म्हणतात. हीच गाडी १९५५ पासून मद्रासला तयार होऊ लागली. चिमट्यामुळे पाठीची हाडं वाचली, पण चाक आणि चासी यांच्यामध्ये एक सांधा वाढला. या सांध्यात बुश असतात, ते झिजतात. बुशात अर्धा मिलिमीटर खेळ आला तरी, चिमटा लांब असल्यामुळे, चाकापाशी तो दुपटीहून जास्त होतो. म्हणजे चाकाचं तोंड दर खड्ड्याला जरा जरा बदलत राहतं आणि मागचं चाकच गाडी वळवू लागतं.

मिस्त्रींनी चिमट्याचं मागचं टोक धरून डावी-उजवीकडे ढकललं आणि माझं बोट पुढच्या सांध्यावर ठेवलं. बोटाला टक्‌ टक्‌ लागत होतं. चाकाचं बेअरिंग ढिलं असलं तरी चाक असंच हलतं, पण तेव्हा चिमटा स्थिर राहतो आणि नुसतं चाक डुलतं. शंका असेल तर साखळी आणि शॉकअपचे खालचे बोल्ट काढावेत, म्हणजे एकटा चिमटा हाताशी येतो. टायरची हवा, रिमचा आउट, तारांचा ताण हेही याच वेळी पाहून घ्यायचं. सांधा ढिला ठेवून चाक सरळ करायला बसलात तर आज केलेलं उद्या राहणार नाही. माझ्या तीन महिन्यांचा हिशेब एवढाच होता.

नवे बुश लेथवर नेऊन बसवले. मग मला वाटलं, आता सोपं आहे. बुलेटच्या मागच्या एक्सलला दोन्ही बाजूंना शंखाच्या आकाराच्या, खाचा असलेल्या चकत्या असतात. दोन्हीकडे सारखी खाच लावली की चाक सरळ, असं अब्बा सांगायचे. मी खाचा मोजल्या, सारख्याच होत्या. मिस्त्री हसले. "सर, आकडं खोटं बोलत्यात. दोरी आणा."

गवंडी वापरतात तसली पक्की दोरी. तिचा मधला भाग मागच्या टायरच्या पाठीमागून घ्यायचा आणि दोन्ही टोकं इंजिनाच्या खालून, स्टँडच्या पायांमधून पुढच्या चाकाच्या पुढे न्यायची. दोरी दोन्हीकडे मागच्या टायरच्या मागच्या आणि पुढच्या कडेला जेमतेम टेकली पाहिजे. जोरात ओढलीत तर टायर दबतो आणि दोरीही खोटं बोलू लागते. पुढचं चाक सरळ ठेवायचं. ते दोन दोऱ्यांच्या बरोबर मध्ये आलं पाहिजे. दोन्ही टायर सारख्या रुंदीचे असतील तर दोरी पुढेही टेकते. मागचा रुंद असेल तर पुढे दोन्ही बाजूंना सारखी फट राहते.

आमच्या गाडीत डाव्या बाजूची दोरी पुढच्या टायरला घासत होती आणि उजवीकडे अंगठा जाईल एवढी जागा होती. चाकाचं तोंड उजवीकडे होतं. कधीतरी एक चकती बदलली गेली होती आणि नवीची खाच जुनीशी जुळत नव्हती. अब्बांचा नियम खरा होता, चकत्या त्या राहिल्या नव्हत्या.

बुलेटची मागची साखळी डाव्या अंगाला. म्हणून डाव्या बाजूनं साखळीचा ताण ठरवायचा आणि उजव्या बाजूनं चाकाचा सरळपणा. तोंड उजवीकडे असेल तर एक्सलचं उजवं टोक पुढे घ्यायचं, डावीकडे असेल तर मागे. साखळी सगळीकडे सारखी ताणलेली नसते. चाक फिरवत जी जागा सर्वात घट्ट लागेल तिथं ताण पाहायचा, नाहीतर तीच जागा पुढं गिअरबॉक्सचं बेअरिंग खाते.

मिस्त्रींनी एक पडताळाही केला. एका पट्टीला दोन खिळे ठोकले. एक चिमट्याच्या सांध्याच्या मध्यावर, दुसरा एक्सलच्या मध्यावर. तीच पट्टी दुसऱ्या बाजूला लावली. दोरी म्हणते सरळ आणि पट्टी म्हणते वाकडं, तर चिमटाच वाकला आहे किंवा चासीला कधीतरी मार बसला आहे. आणि दोन्ही म्हणतात सरळ, पण मागून डोळा लावल्यावर साखळी तिरपी दिसते, तर चाकाच्या बाजूचे स्पेसर उलटसुलट पडलेत. पंक्चर काढताना हे नेहमी होतं. रस्त्याकडेला, संध्याकाळ झालेली, दोघांनाही घाई.

आमच्या पट्टीत साधारण दोन मिलिमीटरचा फरक निघाला. चिमटा किंचित वाकलेला होता. शेजारच्या वेल्डिंगवाल्यानं तापवून सरळ करायची तयारी दाखवली. मिस्त्रींनी नाही म्हटलं, आणि मला ते पटलं. तापवलेलं लोखंड वरून सरळ दिसतं, पण त्याचा जोर किती उरला हे कुणी सांगू शकत नाही, आणि त्या लोखंडावर मागे बसणाऱ्याचाही भार असतो. चांगला चिमटा मिळेपर्यंत गाडी दीड महिना अंगणात उभी राहिली.

नवा चिमटा बसवल्यावर पुन्हा दोरी, पुन्हा पट्टी. मागचं चाक पुढे-मागे केलं की ब्रेकही बदलतो, म्हणून ब्रेकचा रॉड आणि एक्सलचे नट पुन्हा तपासले. पहाटे सहा वाजता, मोकळ्या रस्त्यावर, एकट्यानं चालवून पाहिली. शंभर किलोमीटरनंतर सगळे नट परत आवळले.

मुलगी लगेच बसली नाही. एका रविवारी अंगणात आली आणि म्हणाली, "ते टक्‌ टक्‌ कुठं लागत होतं, दाखवा." मी दाखवलं. तिनं चिमटा धरून बराच वेळ ढकलून पाहिला. मग साडीच्या दुकानात जायचं आहे म्हणाली, आणि मागे बसली. आता ही गाडी तीही चालवते. किल्ली घेण्याआधी खाली वाकून चिमट्याला एक झटका देते. मी खिडकीतून पाहत असतो.