वाऱ्याचा बोगदा

वारा पडलेला असतानाही सायकल जोरात हाणली की तोंडावर वारा येतो. उलट, आपण जागीच उभे राहिलो आणि तेवढ्याच वेगाचा वारा अंगावर आला, तरी हवेचा मार तोच बसतो. विंड टनेल, म्हणजे वाऱ्याचा बोगदा, याच तत्त्वावर चालतो. विमान जागेवर, धावतो तो वारा.

ऑटो लिलिएन्थाल हा जर्मन संशोधक १८९६ साली ग्लायडर कोसळून मरण पावला. त्याची कोष्टके हाताशी घेऊन राइट बंधूंनी १९०१ साली ग्लायडर बांधले, तर हिशेबाच्या जेमतेम एक तृतीयांश उचल मिळाली. मग त्यांनी सायकलच्या दुकानात सहा फुटी लाकडी पेटी केली, तिला पंखा लावला आणि पंखांचे सुमारे २०० आकार तपासले. १९०३ च्या उड्डाणाचा पाया त्या पेटीत घातला गेला.

पण यात एक मेख आहे. नमुना लहान केला तरी हवा तीच राहते. तिचा चिकटपणा लहान नमुन्याला जास्त जाणवतो आणि आकडे फसवतात. यावर उपाय काय? नमुना २० पट लहान असेल, तर हवा २० पट दाट करा! अमेरिकेत लँगली येथे १९२०च्या दशकात मॅक्स मंक यांच्या कल्पनेतून पोलादी टाकीत असा बोगदा झाला. १९३१ साली तिथेच ३० फूट उंच, ६० फूट रुंद झोताचा बोगदा उभा राहिला. त्यात अख्खे विमानच ठेवता येई. पुढे द्रवरूप नायट्रोजन फवारून उणे १५७ अंशांपर्यंत थंड केलेला झोत वापरात आला. थंड वायू दाट होतो, शिवाय कमी चिकट.

ध्वनीपेक्षा वेगवान झोत सतत चालवायला प्रचंड वीज लागते. म्हणून बंगळूरच्या राष्ट्रीय वांतरिक्ष प्रयोगशाळेच्या १.२ मीटरच्या बोगद्यात टाक्यांत दाबून भरलेली हवा एकदम सोडतात. काही सेकंदांत मोजमाप उरकावे लागते. १९६७ पासूनच्या या बोगद्याने ‘तेजस’चे नमुनेही तपासले.

उंच इमारतींसाठी बोगद्याच्या जमिनीवर ठोकळे मांडतात. त्यामुळे शहरातल्यासारखा, खाली मंद आणि वर जोरकस वारा तयार होतो.

लिलिएन्थालला चूक आकाशात कळली. आज ती बोगद्यात कळते, आणि मोडलाच तर नमुना मोडतो.

(नभोवाणी भाषणाचा संपादित भाग)