सिमेंटचे पोते आणि गवंड्याची मजुरी



वास्तुशिल्पकारांना मिळणाऱ्या मानसन्मानांच्या वार्ता अलीकडे वारंवार वाचावयास मिळतात. पुण्यात जन्मलेल्या बाळकृष्ण दोशी यांना २०१८ साली प्रिट्झ्कर पारितोषिक मिळाले. बुर्किना फासोमधील गांदो या आपल्या जन्मगावी गावकऱ्यांच्याच हातांनी मातीच्या विटांची शाळा उभारणारे फ्रान्सिस केरे यांना ते २०२२ साली मिळाले. पावसाचे पाणी गटारात लोटून न देता ते शहराच्या जमिनीतच मुरवावे असा आग्रह धरणारे चीनचे भूदृश्यकार यू कोंगजियान यांचा २०२३ साली ओबरलँडर पारितोषिकाने गौरव झाला. दोनच वर्षांनी ब्राझीलमध्ये विमान अपघातात त्यांचा अंत झाला. निसर्गाला कमीत कमी इजा करून बांधणाऱ्यांचा मान होतो, ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु समाजवादी विचार मानणाऱ्यांनी या सोहळ्यांकडे पाहताना एक रुक्ष प्रश्न विचारणे अगत्याचे आहे. पारितोषिक व्यक्तीला मिळाले. तिची पद्धत सरकारी बांधकामाच्या दरसूचीत आणि घरकुलाच्या नकाशात कितपत शिरली? हा प्रश्न लॉरी बेकर यांच्या कामाच्या आधारे तपासणे सोयीचे होईल, कारण त्यांच्या इतके साहाय्यक वातावरण दुसऱ्या कोणा वास्तुशिल्पकाराला क्वचितच लाभले असेल.

बेकर यांचा जन्म १९१७ सालचा, इंग्लंडमधील बर्मिंगहॅमचा. क्वेकर पंथाचे असल्यामुळे महायुद्धात त्यांनी बंदूक हाती धरली नाही. रुग्णसेवा पथकाबरोबर ते चीनमध्ये गेले आणि कुष्ठरुग्णांच्या सेवेत राहिले. मायदेशी परतताना बोटीची वाट पाहत मुंबईस थांबावे लागले. त्या मुक्कामात गांधीजींची गाठ पडली. १९४५ साली कुष्ठरोग्यांच्या दवाखान्यांची बांधकामे पाहण्यासाठी ते भारतात आले, ते येथलेच झाले. केरळमधील डॉक्टर एलिझाबेथ यांच्याशी विवाह झाल्यावर उभयतांनी पिथोरागढच्या डोंगरात सोळाएक वर्षे काढली. विद्यापीठात शिकलेले पोलाद-काँक्रीटचे शास्त्र तेथे फारसे कामाचे नव्हते. दगड कसा रचावा, छपराला उतार किती द्यावा, थंडी कोणत्या बाजूने अडवावी हे तेथला अडाणी म्हणविला जाणारा गवंडी जाणत होता, आणि बेकर यांनी त्याची शिकवणी पत्करली. घराला लागणारे सामान पाच मैलांच्या परिघात मिळाले पाहिजे, हे गांधीजींच्या विचारातून घेतलेले सूत्र ते पुढे आयुष्यभर सांगत राहिले.

हे सूत्र ऐकताच पुष्कळ अर्थशास्त्रज्ञांच्या कपाळाला आठी पडते. खादी-ग्रामोद्योगाची भावुकता म्हणून ते बाजूला सारण्याची रीत आहे. वास्तविक त्यात एक स्वच्छ आर्थिक विचार आहे. सिमेंटच्या पोत्यावर खर्चलेला रुपया गावाबाहेर जातो, कारखान्यात जातो, वाहतुकीत जातो. गवंडी, कुंभार, चुना भाजणारा आणि सुतार यांना दिलेला रुपया गावच्या बाजारात निदान एकदा तरी फिरतो. बेरोजगारी अमाप आणि भांडवल तुटपुंजे अशा देशात घरावरचा खर्च सामानाकडून श्रमाकडे वळविणे म्हणजे घरबांधणीलाच रोजगार योजनेचे रूप देणे होय.

केरळमध्ये १९७०च्या सुमारास या विचाराला राजकीय बळ मिळाले. कम्युनिस्ट पक्षाचे सी. अच्युत मेनन मुख्यमंत्री होते. पहिल्या पंचवार्षिक योजनेच्या मसुद्याला ज्यांचा हात लागला होता ते के. एन. राज दिल्ली सोडून त्रिवेंद्रमला आले आणि त्यांनी विकास अध्ययन केंद्राची स्थापना केली. उळ्ळूर येथील टेकडीवर या केंद्राच्या इमारती बांधण्याचे काम बेकर यांच्याकडे सोपविण्यात आले. टेकडी सपाट करून घेण्याची सरकारी पद्धत त्यांनी मानली नाही. चढउतार तसाच ठेवला, झाडे वाचविली, आणि भिंती त्यांच्यामधून वळवून नेल्या. ग्रंथालयाचा मनोरा उंच आहे, तोही विटांचाच. बाहेरून गिलावा नाही, रंग नाही. खिडक्यांऐवजी पुष्कळ ठिकाणी विटांची जाळी. उन्हाळ्यात त्या जाळीतून वारा खेळतो आणि पंख्याची गरज कमी होते. सरकारी बांधकामाच्या मानाने या इमारती बऱ्याच कमी खर्चात उभ्या राहिल्या. १९७५ साली केरळमधील दारिद्र्य आणि विकास यांविषयीचा जो अभ्यास जगभर गाजला, तो याच केंद्राचा. कमी उत्पन्न असूनही समाज आरोग्य आणि शिक्षण कसे साधू शकतो हे दाखविणारा अभ्यास अशा भिंतींच्या आड झाला, हा योगायोग मोठा बोलका म्हणावा लागेल.

त्यांच्या तंत्राची दोन उदाहरणे थोड्या विस्ताराने पाहण्याजोगी आहेत. नेहमीच्या नऊ इंची भिंतीत वीट आडवी निजलेली असते. बेकर यांनी ती कडेवर उभी केली व दोन विटांच्या मध्ये पोकळी राखली. या बांधणीत विटा सुमारे चतुर्थांश कमी लागतात, चुना-सिमेंटही कमी लागते, आणि आतल्या हवेमुळे उष्णता अडते. दुसरे उदाहरण स्लॅबचे. छतावर भार आला की स्लॅबचा वरचा थर दाबला जातो आणि खालचा ताणला जातो. काँक्रीट दाब सोसते. ताण सोसण्याचे काम सळई करते. म्हणजे खालच्या भागातील पुष्कळसे काँक्रीट केवळ जागा भरण्यापुरते असते. बेकर यांनी त्या जागी जुनी मंगलोरी कौले बसविली. काँक्रीट वाचले, छत हलके झाले, घर थंड राहिले. यात गूढ असे काही नाही. कोणताही कनिष्ठ अभियंता हे गणित करू शकतो. मात्र विटा कडेवर नेमक्या लावायला आणि गिलाव्याच्या पांघरुणाशिवाय भिंत सरळ उचलायला गवंडी कुशल लागतो, आणि त्याला दाम द्यावा लागतो.

याच मुक्कामातले दुसरे काम म्हणजे त्रिवेंद्रमच्या तंपानूर भागातील इंडियन कॉफी हाऊस. शंखासारखा वर चढत जाणारा एकच सलग उतरंडीचा रस्ता, त्याच्या कडेने बांधून काढलेली बाके आणि मेजे, भिंतीत जाळी. कॉफी बोर्डाने आपली उपाहारगृहे बंद करावयास घेतली तेव्हा ए. के. गोपालन यांच्या पुढाकाराने कामगारांनी सहकारी संस्था काढून ती स्वतः चालविली; ही वास्तू त्या कामगारांच्या मालकीच्या उपाहारगृहाची आहे. तेथे आजही हमाल आणि प्राध्यापक एकाच वळणावर बसून कॉफी पितात.

१९८५ साली अच्युत मेनन, के. एन. राज आणि बेकर यांनी मिळून 'कॉस्टफोर्ड' ही संस्था काढली. हेतू हा की, हे तंत्र एका माणसापुरते राहू नये. या संस्थेने हजारो घरे बांधली, गवंड्यांना शिकविले. १९९० साली बेकर यांना पद्मश्री मिळाली. २००७ साली ते वारले. माजी मुख्यमंत्री, नामवंत अर्थतज्ज्ञ आणि लोकमान्य वास्तुशिल्पकार हे तिघे एकत्र येऊनही केरळची घरबांधणी मात्र बहुतांशी सिमेंट-काँक्रीटच्याच वाटेने गेली. असे का व्हावे?

पहिले कारण व्यवस्थेच्या हिशेबात आहे. वास्तुशिल्पकाराचे मानधन बहुधा एकूण खर्चाच्या टक्केवारीने ठरते. कंत्राटदाराचा नफाही दरसूचीत टक्केवारीनेच धरलेला असतो. खर्च चतुर्थांशाने कमी करून दाखविणारा माणूस आपलीच मिळकत तितकी कमी करतो. टक्केवारीचे जे दुसरे, कागदावर न येणारे रूप आहे, त्याविषयी महाराष्ट्रातील श्रोत्यांना अधिक सांगण्याची जरुरी नाही. बेकर यांचे कार्यालय नव्हते, मदतनिसांचा ताफा नव्हता. ते जागेवर उभे राहून वापरलेल्या कागदाच्या पाठीमागे नकाशे काढीत. ही त्यांची थोरवी खरी, पण सार्वजनिक बांधकाम खाते थोरवीवर चालत नाही. ते निविदा आणि मोजमाप पुस्तकावर चालते, आणि वळणावळणाच्या भिंतीचे मोजमाप घेणे त्याला गैरसोयीचे असते.

दुसरे कारण अधिक नाजूक आहे, आणि पुरोगामी मंडळी ते सहसा उच्चारीत नाहीत. गरिबाला ही घरे नेहमीच हवीशी वाटतात असे नाही. इजिप्तचे हसन फथी यांचा अनुभव या बाबतीत प्रसिद्ध आहे. लक्झरनजीक प्राचीन थडग्यांवर वसलेल्या गुर्ना गावच्या लोकांना हलविण्यासाठी १९४५ पासून त्यांनी कच्च्या विटांचे, घुमटांचे एक देखणे गाव बांधले. आस्वानकडचे न्युबियन गवंडी लाकडाच्या आधाराविना कमानी उचलीत; ती कला त्यांनी मरणाच्या दारातून परत आणली. १९८० साली त्यांना राइट लाइव्हलीहूड पारितोषिक मिळाले. परंतु गुर्नाचे लोक त्या गावात राहावयास फारसे गेलेच नाहीत. जुन्या जागेवर त्यांचे पोट होते, आणि त्यांच्या डोळ्यांना घुमट म्हणजे थडगे दिसे. ज्यांच्यासाठी गाव बांधले त्यांच्या हाती निर्णय नव्हता, तो पुरातत्त्व खात्याच्या हाती होता.

महाराष्ट्रात हा प्रश्न आणखी एका अंगाने उभा राहतो. येथे मातीचे घर ही केवळ बांधणीची एक पद्धत नव्हती. गावकुसाबाहेरच्या वस्तीला तिच्या पायरीवर ठेवण्याची ती खूणही होती. दलित कुटुंब जेव्हा सिमेंटची भिंत आणि स्लॅब मागते, तेव्हा ते प्रतिष्ठा मागत असते. ज्यांच्या तीन पिढ्या वाड्यात गेल्या, त्यांनी त्याला मातीचे माहात्म्य सांगणे हा उद्धटपणा ठरेल. तसेच स्वस्त घराचा हिशेब मांडताना सारवण, पोतेरे, दर पावसाळ्यानंतरची डागडुजी यांची मजुरी कोणी धरीत नाही, कारण ती घरातली बाई करते. बांधणीचा खर्च कमी करून तो बाईच्या फुकट श्रमावर ढकलला जात असेल, तर ती बचत म्हणता येणार नाही. बेकर यांच्या बाजूने इतके सांगितले पाहिजे की, त्यांची बहुतेक घरे भाजल्या विटांची होती आणि त्यांना दरवर्षी सारवावे लागत नाही. वीटभट्टीत किती लाकूड जळते याची खंत पुढे त्यांनाच वाटू लागली व ते मातीकडे अधिक वळले.

किल्लारीचे स्मरण येथे टाळता येत नाही. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे, गणेशविसर्जनाच्या रात्रीनंतर, लातूर-उस्मानाबादच्या गावांत हजारो माणसे आपल्याच घरांखाली गाडली गेली. जाड दगडी भिंती, आत चिखल, डोक्यावर पांढऱ्या मातीचे जड माळवद. तेव्हापासून मराठवाड्याने दगडमातीची धास्ती घेतली, ती अगदी स्वाभाविक होती. पाहणीत मात्र असे दिसून आले की, दोष दगडाचा तितका नव्हता. भिंतीचे आतले आणि बाहेरचे थर बांधून धरणारे आरपार दगड घातलेले नव्हते, दारा-खिडक्यांच्या वर सर्व भिंतींना कवेत घेणारा पट्टा नव्हता, आणि गळती थांबविण्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या छतावर मातीचे थर चढत गेले होते. या गोष्टी सुधारता येण्याजोग्या होत्या. पण पुनर्वसनात पन्नासावर गावे नव्या जागी हलविली गेली आणि रुंद रस्त्यांच्या चौकटीत सारखी घरे आखली गेली. गुरांचा गोठा, अंगण, भावकीची गल्ली यांना त्या आखणीत जागा मिळणे कठीण झाले.

आणि सर्वांत शेवटी जमीन. विटांत वाचविलेला पैसा शहरात जमिनीची किंमत एका घासात गिळून टाकते. १९७६ सालच्या नागरी कमाल जमीन धारणा कायद्याने अतिरिक्त जमीन गरिबांच्या घरांसाठी मिळावयाची होती. महाराष्ट्राने २००७ साली तो कायदाच गुंडाळला. तत्पूर्वी मृणाल गोरे, बाबूराव सामंत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नागरी निवारा परिषदेच्या रूपाने लढा देऊन गोरेगावच्या दिंडोशी भागात अशा जमिनीवर सुमारे सहा हजार घरे उभी करून दाखविली. त्या घरांना कोणतेही आंतरराष्ट्रीय पारितोषिक मिळालेले नाही. दोशींच्या इंदूर येथील 'अरण्य' वसाहतीला १९९५ साली आगाखान पारितोषिक मिळाले, ते योग्यच झाले. पण तेथेही जोते, संडास व नळाची सोय देऊन पुढचे घर कुटुंबाला त्याच्या ऐपतीप्रमाणे बांधू देण्याची कल्पना प्रत्यक्षात येऊ शकली, ती विकास प्राधिकरणाच्या ताब्यात जमीन होती म्हणून.

२०१६ साली सुरू झालेल्या ग्रामीण घरकुल योजनेने सपाट प्रदेशात १ लाख २० हजार रुपये साहाय्य आणि किमान २५ चौरस मीटर क्षेत्र ठरविले. ग्रामविकास मंत्रालयाने निरनिराळ्या प्रदेशांतील स्थानिक सामानाच्या घरांचे नमुने 'पहल' या नावाच्या संग्रहात छापलेही. म्हणजे कागदावर दार उघडे आहे. आपल्या पक्षाच्या जिल्हा परिषद आणि पंचायत समिती सदस्यांनी पुढच्या बैठकीत तालुक्याच्या अभियंत्याला एवढेच विचारावे : हा संग्रह कार्यालयात आहे काय, त्यातील नमुना लाभार्थ्यापुढे, विशेषतः घरातील बाईपुढे, कधी ठेवला गेला काय, आणि पोकळ बांधणीची भिंत किंवा कौले घातलेली स्लॅब दिसली तर हप्ता अडवायचा की सोडायचा याविषयी लेखी आदेश आहे काय. आदेश नसेल तर तो मागून घ्यावा, आणि त्याची प्रत गावच्या गवंड्यांच्या हाती द्यावी.