स्वतंत्र चित्रकथाकाराची वाट

प्रकाशनसंस्थेवर अवलंबून न राहता कथा, रेखाटन, छपाई आणि विक्री हा सारा भार जो स्वतः उचलतो, त्यास स्वतंत्र चित्रकथाकार म्हणतात. ‘टिंकल’ या मुलांच्या नियतकालिकासाठी चित्रे काढणारे मुंबईचे अभिजीत किणी यांनी २०१२ मध्ये ‘अँग्री मावशी’ ही चित्रकथा स्वतःच प्रकाशित केली. तिची नऊवारीतील नायिका शहरातील गैरप्रकारांवर तुटून पडते. अशी पुस्तके कॉमिक कॉनमध्ये, म्हणजे चित्रकथांच्या मेळाव्यात, कलावंत बहुधा स्वतःच विकतात. प्रकाशनाची वाट कोणतीही असो, चौकट, म्हणजे एका क्षणाचे रेखांकित चित्र, हा चित्रकथेचा मूळ घटक आहे.