धंदा बदलण्याचा हक्क आणि बागेची रचना

(विहाराच्या वर्धापन दिनाच्या कार्यक्रमात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



समितीने मला विषय दिला आहे, 'हातातला व्यवसाय सोडून बाग रचनाकार होणे'. विहारात हा विषय कशाला, असे काहींना वाटेल. पण आपल्या वस्तीत डोकावून बघा. तिशी गाठलेली पोरं परभणीत खोली करून स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करताहेत. कोणी दुकानात हिशेब लिहितो, कोणी गाडी चालवतो. त्यातला एखादा घरी म्हणतो, "मी बागा तयार करायचं काम शिकतो." लगेच बाप म्हणतो, "लेकरा, मातीतून बाहेर काढायला तुला शिकवलं, अन् तू पुन्हा मातीतच हात घालणार?"

हा प्रश्न चुकीचा नाही. ज्यांच्या आई-बापाने दुसऱ्याच्या वावरात जन्म घालवला, त्यांनाच तो विचारण्याचा अधिकार आहे. म्हणून आज त्याच प्रश्नाचे उत्तर शोधू.

थेरगाथेत सुनीत थेरांची कथा आहे. हीन मानलेल्या कुळात त्यांचा जन्म झाला. वाट्याला आलेले काम कोणते, तर सुकलेली, कोमेजलेली फुले झाडून काढण्याचे. फुले दुसऱ्याची, कचरा मात्र यांचा. तथागत भेटले आणि त्यांनी जन्माने दिलेले काम सोडले. उपाली हे शाक्यांचे न्हावी. ते विनयाचे सर्वात मोठे जाणकार झाले. जन्माने दिलेला धंदा माणसाला जन्मभर बांधू शकत नाही, हे संघाने अडीच हजार वर्षांपूर्वी करून दाखवले.

बाबासाहेबांनी १९३६ साली 'जातिभेद निर्मूलन' या ग्रंथात हीच गोष्ट अर्थशास्त्राच्या भाषेत मांडली. जात ही केवळ श्रमाची विभागणी नाही, ती श्रम करणाऱ्या माणसांचीच विभागणी आहे, असे त्यांनी दाखवले. काळ बदलतो, एक धंदा बसतो, दुसरा उभा राहतो. माणसाने तिकडे वळले पाहिजे. जात वळू देत नाही, म्हणून बेकारी वाढते. त्याआधी १९२८ साली त्यांनी मुंबईच्या कायदे कौन्सिलात महार वतनाविरुद्ध विधेयक आणले, तेही याच कारणासाठी. वतनात काम होते, पण नकार देण्याची सोय नव्हती आणि रास्त मजुरीही नव्हती.

आता बापाच्या प्रश्नाचे उत्तर देता येते. बाबासाहेबांचा विरोध मातीला नव्हता. लादलेल्या, बिनमोलाच्या, पिढीजात कामाला होता. जे काम मी निवडले, ज्याचे शिक्षण घेतले, ज्याची किंमत मी सांगतो आणि जे उद्या सोडूही शकतो, ते वेगळे काम आहे. मग त्यात हाताला चिखल लागला तरी बिघडत नाही.

मधल्या वयात या क्षेत्रात आलेली माणसे जगात पुष्कळ आहेत. अमेरिकेतले फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड यांचे नाव त्यात मोठे. जन्म १८२२ चा. दुकानात कारकुनी केली, जहाजावर खलाशी म्हणून चीनपर्यंत गेले, शेती केली, मग पत्रकार झाले. दक्षिणेकडच्या गुलामगिरीच्या राज्यांत फिरून त्यांनी तिथली स्थिती वर्तमानपत्रात लिहिली. १८५७ साली, पस्तिसाव्या वर्षी, न्यूयॉर्कच्या नियोजित सेंट्रल पार्कवर देखरेखीची नोकरी धरली. दुसऱ्याच वर्षी कॅल्व्हर्ट व्हॉक्स या वास्तुतज्ज्ञासोबत त्या उद्यानाच्या आराखड्याची स्पर्धा जिंकली. तो बाग ८४३ एकरांचा. श्रीमंत आणि गरीब एकाच हिरवळीवर बसावेत, हा त्यामागचा विचार. बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात ज्या कोलंबिया विद्यापीठात शिकले, त्याच्या शेजारचे मॉर्निंगसाइड पार्कही याच दोघांच्या आराखड्यातले.

पण या गोष्टीची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. सेंट्रल पार्कच्या जागेवर सेनेका व्हिलेज नावाची वस्ती होती. बहुतेक लोक कृष्णवर्णीय. कित्येकांची जमीन स्वतःच्या मालकीची, चर्च होती, शाळा होती. १८५७ पर्यंत ती वस्ती उठवली गेली. तेव्हा बाग आखणाऱ्याने पहिला प्रश्न हा विचारावा की इथे आधी कोण राहते, आणि उद्या आत कोण येऊ शकेल? चवदार तळ्याचा सत्याग्रह ज्यांच्या आजोबा-पणजोबांनी ऐकला-पाहिला, त्यांना हा प्रश्न शिकवावा लागत नाही. म्हणूनच आपल्या मुला-मुलींनी या क्षेत्रात यावे, असे मला वाटते.

इंग्लंडच्या गर्ट्रूड जेकिल या चित्रकार होत्या. नजर अधू होत गेली, तेव्हा त्या बागांकडे वळल्या आणि चारशेच्या आसपास बागांची रचना त्यांनी केली. रंगांची जाण त्यांना तिथे कामी आली. आपल्याकडे कोल्हापूरचे श्रीपाद अच्युत दाभोलकर गणित शिकवत. ते शेती-बागायतीच्या प्रयोगांकडे वळले, 'प्रयोग परिवार' उभा केला, झाडाला मिळणाऱ्या उन्हाचा हिशेब शेतकऱ्यांना आणि गच्चीवर भाजी लावणाऱ्या शहरवाल्यांना शिकवला. म्हणजे आधीचे काम वाया जात नाही. ज्याने दुकानात हिशेब लिहिला तो अंदाजपत्रक चांगले करील. गवंड्याच्या हाताखाली राबलेल्याला उतार आणि पाया कळतो. साडीचे रंग जुळवणाऱ्या बाईला फुलांचे रंग जुळवता येतात.

आता हे काम म्हणजे नेमके काय? माळी झाड लावतो आणि जगवतो. रचनाकार आधी ठरवतो की कोणते झाड, कुठे, किती अंतरावर आणि कशासाठी. दोन्ही कामे मानाची आहेत, पण दुसऱ्याला कागद-पेन्सिल लागते. टेपने जागा मोजायची. कागदावर प्रमाणात नकाशा काढायचा, त्यावर उत्तर दिशा, ऊन, नळ, विहीर, गटार, जमिनीखालचे पाइप, आधीची झाडे दाखवायची. घरात म्हातारे कोण, लेकरे किती, रोज पाणी कोण घालणार, हे विचारायचे. त्यानंतर रोपांची यादी आणि खर्च.

परभणीची जमीन काळी, भारी. पावसाळ्यात फुगते, पाणी धरून ठेवते. उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. इथे पुण्या-मुंबईच्या बागेची नक्कल चालत नाही. पाण्याचा निचरा आधी. मातीत शेणखत, वाफे थोडे उंच. पायवाट आणि ओटा करताना खालची काळी माती काढून मुरूम दाबून भरावा लागतो, नाहीतर फरशी उचलते.

दुसरा प्रश्न पाण्याचा. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. शंभर चौरस मीटर हिरवळीला उन्हाळ्यात रोज पाच मिलिमीटर पाणी दिले तर पाचशे लिटर झाले. पंधरा लिटरच्या हंड्याने मोजा, तेहतीस हंडे! मे महिन्यात टँकरची वाट पाहणाऱ्या गावात हे शोभत नाही. त्यापेक्षा बहावा, कांचन, करंज, कडुनिंब, बकुळ, आपटा लावा. कण्हेर, तगर, जास्वंद, पारिजातक, मोगरा घ्या. सावली मिळेल, फूलही मिळेल.

शिकायचे कुठे? आपल्या गावातच १८ मे १९७२ रोजी स्थापन झालेले कृषी विद्यापीठ आहे, आज ते वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ म्हणून ओळखले जाते. तिथे उद्यानविद्येचे शिक्षण मिळते. छत्रपती संभाजीनगरची ऐतिहासिक हिमायत बाग या विद्यापीठाकडेच आहे. तिथे फळ संशोधन केंद्र आहे, जाऊन बघून या. आयटीआयमध्ये पुष्पोत्पादन व उद्यान रचनेचा एक वर्षाचा ट्रेड असतो. तो जवळ कुठे चालतो याची चौकशी करा. एक सावधगिरी ठेवा. नुसता 'आर्किटेक्ट' हा शब्द १९७२ च्या कायद्याप्रमाणे नोंदणी असलेल्यालाच नावापुढे लावता येतो. आपल्या पाटीवर 'उद्यान रचनाकार' लिहावे.

आणि घाईने नोकरी सोडू नका. घरातली चूल आधी. वर्षभर सुट्टीच्या दिवशी एखाद्या रोपवाटिकेत काम करा, झाडांची नावे पाठ करा, कोणते झाड कुठल्या महिन्यात कसे दिसते ते वहीत लिहा. पहिली दोन-चार कामे लहान घ्या. काम लहान असले तरी लेखी ठरवा: आराखड्याचे किती, रोपांचे किती, देखभालीचे महिन्याला किती. "आपलाच माणूस आहे" म्हणून फुकट करू नका, आणि करून घेऊही नका. उद्या तुमच्या हाताखाली मजूर आले, तर त्यांची मजुरी ठरल्या दिवशी द्या. बिनमोलाचे राबणे काय असते ते आपल्या घरांनी भोगले आहे. सम्यक आजीविका याहून वेगळी काय असते?

शेवटी विहाराविषयी. राजा बिंबिसाराने वेळुवन दान दिले, तेव्हा जागा कशी असावी याचा त्याने आधी विचार केल्याचे विनयात सांगितले आहे. नगरापासून फार दूर नको, फार जवळही नको, लोकांना येणे-जाणे सोपे असावे, दिवसा गर्दी नसावी आणि रात्री शांतता असावी. हा बाग रचनेचाच पहिला धडा आहे. लुंबिनी, वेळुवन, जेतवन, कुशीनाराचे शालवन. तथागतांचे सगळे जीवन झाडांखाली गेले. बाबासाहेबांच्या मिलिंद महाविद्यालयाच्या परिसराचे नावही नागसेनवन, म्हणजे वनच.

मग आपल्या विहाराचे अंगण तसे का असू नये? आपण बोधिवृक्ष श्रद्धेने लावतो, पण बऱ्याच ठिकाणी तो भिंतीला खेटून लावलेला दिसतो. दहा-पंधरा वर्षांत पिंपळाची मुळे पाया उचलतात, मग त्याच झाडावर कुऱ्हाड चालते. पिंपळ भिंतीपासून आणि विहिरीपासून चांगला लांब लावावा, भोवती बसायला ओटा करावा. समितीला माझी विनंती आहे की वस्तीतल्या ज्या मुला-मुलीला हे काम शिकायचे आहे, त्याला या अंगणाचा आराखडा काढायला द्या, आणि त्याचा मोबदला समितीच्या वहीत खर्च म्हणून लिहा. आपल्याच विहाराने दिलेली ती पहिली कमाई घेऊन तो बापासमोर उभा राहील, तेव्हा मातीत पुन्हा हात का घातला हे त्याला निराळे सांगावे लागणार नाही.