डोंगरावर नजर ठेवा, जागा न बदलता फोटो काढा

आंबेगाव तालुक्यातील माळीण, ३० जुलै २०१४. महाड तालुक्यातील तळीये, २२ जुलै २०२१. खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडी, १९ जुलै २०२३. तिन्ही ठिकाणी भर पावसात डोंगर वस्तीवर आला. ज्यांची घरं, खाचरं उतारावर आहेत त्यांनी हे ध्यानात ठेवावं.

पाणी मुरलं की माती जड होते आणि तिची खालच्या खडकावरची पकड ढिली होते. पुष्कळदा कोसळण्याआधी डोंगर थोडाथोडा सरकतो. पण रोज पाहणाऱ्याच्या डोळ्यांना तो फरक जाणवत नाही. इथं घरातला मोबाइल उपयोगी पडतो.

असं करा :

१. उताराच्या समोर, पण दरडीच्या वाटेबाहेर, एक दगड पक्का रोवा. दर वेळी मोबाइल त्याच दगडावर टेकवून फोटो काढा. चित्र मोठं-लहान करू नका.

२. न हलणारी एखादी खूण, म्हणजे उघडा कातळ, फोटोत आलीच पाहिजे. तिच्याशी बाकीचं ताडून पाहता येतं.

३. पहिला फोटो पाऊस लागण्याआधी काढा. पुढे उघडीप मिळेल तसा, शक्यतो दर आठवड्याला. प्रत्येकाची तारीख टिपून ठेवा.

४. जमिनीला भेग असेल तर कोरड्या दिवसांत तिच्या दोन्ही बाजूंना खुंट्या ठोका. मधलं अंतर टेपनं मोजा आणि टेपसकट फोटो घ्या.

आता जुना आणि नवा फोटो शेजारी धरून पाहा. झाड किंवा विजेचा खांब कलला का? बांध फुगला का? नवी भेग दिसते का? झऱ्याचं पाणी एकाएकी गढूळ झालं असेल तर तेही धोक्याचंच लक्षण. यांतलं काहीही आढळलं तर ग्रामपंचायतीला आणि तहसील कचेरीला फोटो दाखवून लगेच कळवा.

एक गोष्ट मात्र विसरू नका. कॅमेऱ्याला धुक्यात दिसत नाही, अंधारात दिसत नाही. इर्शाळवाडीवर दरड आली ती रात्री. म्हणून फोटोत फरक नाही, तेव्हा भीती नाही, असं समजू नये. पावसाची संततधार लागली, डोंगरातून आवाज आले, भेग रुंदावली, तर फोटो काढायला थांबू नका. म्हातारी माणसं, मुलंबाळं घेऊन सुरक्षित जागी जा आणि गुरांची दावी सोडा.

ती सुरक्षित जागा कोणती, हे गावानं आजच बसून ठरवावं.