मारुती 800 'जुनी' कधी झाली?
(स्नेहमेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



गॅरेजवाल्याच्या हाती माईक दिलात, आता सोसा! मागच्या बाकावर बसून वहीत गाड्या काढायचो, तेव्हा सरांनी वही जप्त केली होती. आज अधिकृत परवानगी आहे, म्हणून गाड्यांवरच बोलतो.

आपण दहावीत होतो, तेव्हा 14 डिसेंबर 1983 ला इंदिरा गांधींनी दिल्लीत पहिल्या मारुती 800ची चावी एका ग्राहकाच्या हातात दिली. 2014 मध्ये उत्पादन थांबेपर्यंत अशा पंचवीस लाखांहून अधिक गाड्या देशात विकल्या गेल्या. त्या पहिल्या गाडीचं काय झालं? मालकाने 2010 मध्ये निधन होईपर्यंत ती जपली. नंतर ती घराबाहेर गंजत राहिली. फोटो फिरले, लोक हळहळले, तेव्हा कंपनीने ती दुरुस्त करून मुख्यालयात ठेवली. पहिल्या गाडीची ही गत, मग आपल्या दारातलीची काय कथा!

गाडी नुसत्या वयाने 'क्लासिक' होत नाही, असं माझं मत आहे. ती सगळीकडे दिसते तोवर तिला कोणी बघत नाही. मग ती स्वस्तात विकली जाते, नवशिक्यांच्या हाती ठोकली जाते आणि भंगारात जाते. बहुतेक गाड्या इथेच संपतात. उरलेलीकडे एक दिवस सिग्नलला कुणीतरी पोरगा वळून बघतो आणि मोबाइल काढतो. तिथून तिचा भाव बदलतो. कुर्ल्यात बनलेल्या प्रीमियर पद्मिनीचं तेच झालं. मुंबईत टॅक्सी म्हणून ती इतकी होती की हात करण्यापलीकडे कोणी तिच्याकडे पाहिलं नाही. टॅक्सीला 20 वर्षांची मर्यादा. ऑक्टोबर 2023 अखेर शेवटची पद्मिनी टॅक्सी थांबली, आणि मग सगळे फोटो काढायला धावले.

सरकारच्या 2021च्या नियमांत 'व्हिंटेज'साठी 50 वर्षं लागतात, शिवाय गाडी मूळ रूपात हवी, आणि रोज वापरायचीही नाही. म्हणजे पहिल्या 800ला 2033 उजाडणार. पण 15 वर्षांनी आरटीओत तपासणी आणि नोंदणीचं नूतनीकरण, पुढे दर पाच वर्षांनी तेच. मधली ही वर्षं गाडीला कोणी वाली नसतो.

ठेवायची असेल तर पत्रा सांभाळा. इंजिन कुठूनही जमवता येतं, पण दाराखालची पट्टी आणि पायाखालचा पत्रा कुजला की खर्च गाडीच्या किमतीवर जातो. पावसाळ्याआधी गाडी वर उचलून खालून बघा. पायपुसण्याखाली पाणी साचू देऊ नका. मोठी चाकं, रंगीत दिवे, स्टिकर बसवू नका. मूळ कार्ब्युरेटर बदललात तरी तो फेकू नका, पिशवीत घालून माळ्यावर ठेवा. जुनं आरसी बुक, पहिलं बिलही जपा.

आपल्यातल्या एकाकडे वडिलांची 1985ची, म्हणजे 1986 मध्ये आकार बदलण्याआधीची 800 आहे. मित्रा, ती भंगारवाल्याला दाखवण्याआधी मला फोन कर. ज्यांच्याकडे 2006-07च्या आहेत, त्यांनी मात्र एवढं मनावर घेऊ नका. पोरांना त्यावर गिअर टाकायला शिकवा.